फुलाआत्याला नोटीस

अवसरी बुद्रुकच्या कपिल मांडववाल्याने बेत पक्का केला होता : अकरा मेला गेणभाऊंच्या लेकीच्या लग्नात असा मांडव घालायचा, की मंचरपर्यंत दुसऱ्या कुणाचं नाव निघायला नको! बोलणी झाली होती; सुपारी तेवढी तळेघरचं काम उरकून घ्यायची होती.

नाव व्हायलाच हवं होतं. घोडेगावच्या प्रज्ञाच्या वडिलांनी त्याला दोनदा परत पाठवलं होतं. "मांडववाला जावई? लग्नसराईत लोकांच्याच दारी राबणार! स्वतःच्या लग्नाला तरी हजर राहील का?"

तळेघरला ना फोन, ना धड एसटी. चार दिवसांनी कपिल डोंगरातून उतरला तो थेट गेणभाऊंच्या दारात.

"काम सोपान मांडववाल्याला दिलं रं," गेणभाऊ म्हणाले. "तुझी फुलाआत्याच म्हनली, त्या दिशी कपिलच्या भरवशावर राहू नगा."

सख्खी आत्या! आईमागं जिनं वाढवलं, तिनंच पोटावर पाय दिला! घरी न जाता कपिलने तडक घोडेगावच्या वकिलांना गाठलं.

"करार झाला होता?"

"व्हनार व्हता!"

"होऊ घातलेला धंदा मोडला म्हणून दावा लावता येईल. पण तिने तो जाणूनबुजून मोडलेला हवा, आणि त्याला रास्त कारण नको."

"तिला कसलं आलंय कारण? लिवा!"

टपालाने उशीर होईल म्हणून नोटीस कपिलच घेऊन आला. आत्याला वाचता येत नव्हतं. मग बजावणाऱ्यालाच ती मोठ्यानं वाचून दाखवावी लागली!

"...अकरा मे रोजी माझे अशिलास मिळणारे काम आपण जाणूनबुजून मोडले..."

"मोडलंच!" भाकरी थापता थापता आत्या म्हणाली. "अकरा मेला तुझं लगीन हाय, मुडद्या!"

"माझं? कुनासंगं?"

"तिसऱ्यांदा मी जाऊन बसले त्या प्रज्ञाच्या बापाच्या दारात. आपल्यात मुहूर्त नाय, पन बौद्धाचार्य मोकळं आन् त्यास्नी रजा, आसा येकच रविवार निघाला. नवरदेव येळंवर नाय आला तर सोयरीक मोडली, म्हनले! तुला निरोप कुठं धाडू डोंगरात? वाटंत गेणभाऊ भेटले, त्यास्नी तेवढं आडवलं. लग्नाची गोष्ट आधी तुला सांगायची व्हती, म्हनून कारन नाय सांगितलं."

कपिलने आत्याच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेच ना. "आत्ये, लई उपकार झाले गं!"

"बरं, म्होरं वाच."

"सात दिवसांत... लेखी उत्तर द्यावे."

उत्तर चौथ्या दिवशीच वकीलसाहेबांच्या टेबलावर पोचलं : लग्नाची पत्रिका, खाली निळ्या शाईत आत्याचा अंगठा. आणि ते घेऊन गेला होता खुद्द फिर्यादी!