बाकीच्या नऊ जणांचे काय झाले

भातकुली तालुक्यातल्या एका गावात म्हैस विहिरीत पडली, ही बातमी आम्ही जिल्हा पानावर तळाशी चार ओळींत छापली होती. ‘उशिरापर्यंत म्हशीला बाहेर काढण्याचे प्रयत्न सुरू होते,’ असा तिचा शेवट होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाने लावण्याच्या ऐन घाईत, कार्यालयातला फोन वाजला.

“संपादक, थे म्हैस निघाली का?”

मी विचारले, कोणती म्हैस.

“विहिरीतली. तुमीच तं छापलं. प्रयत्न सुरू होते म्हनता. मंग पुढं काय झालं?”

पुढचे आमच्याकडे आले नव्हते. तसे मी सांगितले.

“आलं नाही म्हंजे तुमी इचारलंच नाही. अर्धी बातमी छापून मानसाले टांगून ठेवता बाप्पा तुमी.”

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, कोण होते? मी म्हणालो, शेजारी. त्याने सहानुभूतीने मान हलवली. त्याला वाटले, आमचे भांडण आहे. भांडण असते तर बोलणे तरी बंद झाले असते.

शलमोन तायडे अमरावतीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. एका मिशन हॉस्पिटलात परिचारक म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. हॉस्पिटलात पुरुष परिचारकाला ब्रदर म्हणतात. निवृत्तीनंतर गल्लीनेही तेच चालू ठेवले. त्यांच्या पत्नी मार्थाबाई तिथेच नर्स होत्या, म्हणून त्या सिस्टर. नव्या भाडेकरूला ब्रदर आणि सिस्टर हे नवरा-बायको आहेत एवढे एकदा समजावून द्यावे लागते. त्यांना मूलबाळ नाही. मी उपसंपादक आहे हे ब्रदरांना अनेकदा सांगून झाले आहे. “होसान आज ना उद्या,” असे म्हणून ते मला संपादकच म्हणतात.

‘मंग पुढं काय झालं?’ हा त्यांचा प्रश्न. तो कशालाही लागू पडतो. गल्लीत कुणाचा साखरपुडा मोडला, बाळापूरच्या बाजारात कुणाचा बैल सुटला, रस्त्याचे काम थांबले, की ब्रदर पुढचे विचारतात. वर्तमानपत्रात याला फॉलोअप म्हणतात, असे एकदा माझ्या तोंडून निघून गेले. तेव्हापासून ते मला विचारतात, “फालोअप घेतला का?” शब्द मिळाल्याने माणसाला अधिकार मिळाल्यासारखे झाले.

एवढ्यावर राहिले असते तर फोन न उचलून काम भागले असते. पण ब्रदरांचा मुख्य विषय वर्तमानपत्र नाही, शास्त्र, म्हणजे बायबल आहे. रोज सकाळी ते शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, एक भाग वाचतात आणि अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून मला प्रश्न विचारतात. माझ्या घरी गणपती बसतो, हे त्यांना माहीत आहे. “तुमाले ख्रिस्ती नाही करून राहिलो मी,” ते म्हणतात. “तुमी पेपरवाले म्हनून इचारतो.” परिणाम असा की मी चारही शुभवर्तमाने वाचली आहेत. श्रद्धेने नव्हे, बचावासाठी. सकाळी विचारले जाणार असेल तर आदल्या दिवशी वाचून ठेवलेले बरे.

संपादनाच्या नजरेने सांगायचे तर चौघांचे लेखन आटोपशीर आहे. माणूस येतो, बरा होतो, जातो. पुढच्या ओळीत येशू दुसऱ्या गावात असतो. ब्रदरांची तक्रार नेमकी तीच.

तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशूने सांगितले, ऊठ, आपली बाज उचल आणि चाल. तो चालू लागला. यावर ब्रदर तीन सकाळी अडून होते. “चालला, ठीक. पन गेला कुठी? इतके वर्स पडून असलेल्या मानसाच्या घरी कोन राह्यलं असन? काम कोन देईन त्याले?” मी म्हणालो, लिहिलेले नाही. “काहून नाही लिहिलं?” हा प्रश्नही माझ्याकडेच.

भुताने झपाटलेल्या माणसातली भुते डुकरांत शिरली आणि दोन हजार डुकरे कड्यावरून समुद्रात गेली, हे वाचून ते भिंतीपाशी आले तेव्हा मी दाढी करत होतो. “मानूस बरा झाला, चांगलं झालं. पन डुकरवाल्याचं काय? पंचनामा झाला का?” मेलेला लाजर चार दिवसांनी येशूच्या हाकेने कबरीतून बाहेर आला, त्यावर त्यांचे म्हणणे असे: “एकाही मानसानं त्याले इचारलं नाही का बाबू, आता कसं वाटून राह्यलं. बोलू देल्लं नाही त्याले.”

एकाच गोष्टीवर ते समाधानी होते. याईर नावाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मेली होती, तिला येशूने उठवले. “दुसरा कोनी असता तं तिथंच भाषन देल्लं असतं. यानं काय सांगतलं? तिले काईतरी खायले द्या. हे नर्सिंग हाय, संपादक.” मी मान डोलावली आणि आत जायला वळलो. “काय देल्लं असन?” मागून आवाज आला.

मी म्हणालो, लिहिलेले नाही.

“भाताची पेज.”

मी म्हणालो, त्या मुलखात तेव्हा जव खात.

“मंग जवाची. पन पातळ. आन् चमच्या-चमच्यानं. घाई केली तं लेकरू ओकते.”

मला त्या दिवशी बैठकीला उशीर झाला.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, ब्रदर अकोल्याला जात नाहीत. भाच्याचे लग्न अकोल्यात होते, गेले नाहीत. डोळ्यांचे ऑपरेशन अकोल्यात स्वस्तात होत होते, नागपूरला केले. कारण विचारले तर सांगतात, “अकोल्यात गरमी लय हाय.” हे अमरावतीतला माणूस मे महिन्यात अंगावर ओला पंचा घेऊन सांगतो.

दुसरी, मला रोज कार्यालयातून आमचा अकोल्याचा अंक त्यांना आणून द्यावा लागतो. तो एक दिवस शिळा असतो. “आपल्या इथच्या अंकात बातम्या कमी,” असे त्यांचे मत. तो अंक ते पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, निकालाच्या दिवसांत गुणवंतांच्या फोटोंखालच्या नावांसकट वाचतात. वाचून होईपर्यंत त्या घरात चहा टाकला जात नाही. मग घडी घालून म्हणतात, “काही नाही आज.” अकोल्यातले सहकारी दिवसभर उन्हात फिरून ती पाने भरतात. मी ते त्यांना कधी सांगितले नाही.

या सगळ्याचा त्रास मला एकट्याला होता तोवर ठीक होते. पण त्यांच्या चर्चची दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा भरते. पंधरा-वीस माणसे येतात, पास्टर वचन समजावून सांगतात, गाणी होतात, चहा होतो. ब्रदरांचे घर ऐसपैस, म्हणून बहुतेक बुधवार तिथेच. सिस्टर दुपारपासून गिल्या वड्याची, म्हणजे इकडच्या दहीवड्याची, डाळ वाटतात. बुधवार सोडला तर त्या घराची कडी माझ्याखेरीज सहसा कुणी वाजवत नाही.

नवे पास्टर तिशीतले, सभ्य, तयारी करून बोलणारे. डुकरांच्या मालकावर एका सभेचा अर्धा वेळ गेल्यावर ते माझ्याकडे आले. “सर, तुम्ही त्यांचे शेजारी आहात. माणसं कमी होऊ लागली आहेत. येत्या बुधवारी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही तर ठीक. नाहीतर सभा दुसऱ्या घरी न्यावी लागेल, आणि तिथंही त्यांनी येऊ नये असं मला सांगावं लागेल.” बोलताना त्यांना वाईट वाटत होते. मला फक्त थकवा आला होता.

मी निरोप पोचवला. सिस्टर बोलल्या. “तुमचा बुधवारी सुट्टीचा दिवस असते न भाऊ? तुमी येऊन बसा यायच्या बाजूले. तोंड उघडलं का चिमटा काढजा.”

अशा रीतीने मी बुधवारी प्रार्थना सभेत चिमटा काढण्याच्या कामावर हजर झालो.

वचन लूकच्या शुभवर्तमानातले होते. दहा कुष्ठरोगी दुरून येशूला हाका मारतात. तो म्हणतो, जा, स्वतःला याजकांना दाखवा. जाता जाता ते बरे होतात. एकच परत येऊन पाया पडतो, तोही परक्या जातीचा. पास्टर चांगले बोलले. त्या नऊ जणांच्या कृतघ्नपणावर विशेष चांगले. “देवाकडून घेतलं आणि पाठ फिरवली,” ते म्हणाले. माझ्या शेजारी श्वासाची हालचाल झाली. मी चिमटा काढला. पास्टरांनी नऊ जणांना आणखी थोडे झोडपले. मी आणखी एक काढला.

शेवटी पास्टर म्हणाले, “आपण स्वतःला विचारू, आपण त्या एकात आहोत की त्या नऊ जणांत?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते. ब्रदर उठून उभे राहिले. माझा हात पोचला नाही.

“पास्टर, मी प्रश्न नाही इचारत,” ते म्हणाले. “प्रश्न त्यानंच इचारला हाय. बाकीचे नऊ कुठी गेले म्हनून. वाचा तुमी.”

पास्टरांनी पुस्तकात पाहिले. तसे होते.

“वार्डात मी जिंदगी काढली. घरी गेलेला पेशंट परत दिसला का छातीत धस्स होये. परत आला म्हंजे दुखनं परत आलं. जो आला नाही थो बरा हाय. बायको, लेकरं इतक्या वर्सांनी भेटली असन त्याइले. कोन मागं वळून पाहीन? इसरले म्हंजे पुरे बरे झाले.”

“मग प्रभूने का विचारलं?” पास्टरांनी विचारले. आता प्रश्न ते विचारत होते. कुणी तसे दाखवून दिले नाही.

“मले वाटते, रागानं नाही इचारलं,” ब्रदर म्हणाले. “बरे केले, पन घरच्यायनं घरात घेतलं का? जेवू घातलं का? त्याले मालूम कराचं होतं. बस, इतकंच.” ते खाली बसले आणि मला हळूच म्हणाले, “चिमटे जोरात काढता बाप्पा तुमी.”

पास्टरांनी पुस्तक मिटले. मग म्हणाले, “ब्रदर, आज शेवटची प्रार्थना तुम्ही करा.”

ब्रदरांनी डोळे मिटले. “प्रभू, जे घरी गेले त्याइले घरीच ठेव. आमेन.”

इतक्या लहान प्रार्थनेची कुणाला सवय नव्हती. आमेन म्हणायला लोकांना वेळ लागला. जाताना पास्टर दारात सिस्टरांना म्हणाले, पुढचा बुधवारही इथेच ठेवू या.

माणसे गेल्यावर मी खुर्च्या एकात एक घालत होतो. म्हणालो, ब्रदर, नऊ जणांची वकिली जोरात केलीत.

सिस्टर कप गोळा करत होत्या. “नऊ जनाची काय्ची,” त्या म्हणाल्या. “एकीची.”

ब्रदरांनी त्यांच्याकडे पाहिले. मग सांगितले, एखाद्या पेशंटची माहिती द्यावी तसे. मुलांच्या वार्डात एक पोरगी सोडून कुणीतरी निघून गेले होते. दोन वर्षांची, हातापायांच्या काड्या. नाव नव्हते, वार्डात बेबी म्हणत. पेज भरवून ब्रदरांनी तिला उभे केले आणि मग ती त्यांच्या क्वार्टरमध्येच राहिली, शाळेत घालायच्या वयाची होईपर्यंत. ख्रिस्ती माणसाला तेव्हा कायद्याने दत्तक घेता येत नव्हते, फक्त पालक होता येई. त्यांनी तसा अर्ज केला होता. तेवढ्यात एक हिंदू जोडपे आले, त्यांना कायद्याने दत्तक घेता येत होते.

“लेकराले पक्कं नाव, पक्कं घर भेटून राह्यलं तं आपून आडवं काहून जा?” ब्रदर म्हणाले. “जीपमदी मीच बसवली. भेटाले येऊ नका, ती रुळनार नाही, असं सांगतलं आमाले. गावही सांगाचं नव्हतं. ड्रायवरच्या तोंडातून निघून गेलं.”

मी विचारले नाही कोणते गाव.

“नवं नाव काय ठेवलं, मालूम नाही. म्हनून सगळीच नावं वाचा लागते.”

मी म्हणालो, अकोल्यात आमचे चार बातमीदार आहेत. कोर्टात, हॉस्पिटलात ओळखी आहेत. शोधता येईल. “घेऊ का फॉलोअप?”

ज्याने म्हशीचा, डुकरवाल्याचा आणि लाजराचा फॉलोअप मागितला होता, तो माणूस खुर्चीवरून उठला.

“नको,” ते म्हणाले. “बरी हाय ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून अकोल्याचा अंक दिला. ब्रदर चष्मा पुसत होते.

“म्हैस?” त्यांनी विचारले.

“निघाली. भातकुलीच्या बातमीदाराला फोन केला होता. मागच्या पायाला लागले होते, आता चरते.”

“मंग छापा न.”

मी म्हणालो, आता ती बातमी होत नाही. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले आणि अंक उघडला. पहिले पान, दुसरे, तालुक्यांच्या बातम्या, अपघात, निधनवार्ता. मला उशीर होत होता, तरी मी थांबलो. सिस्टर हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या रोजच तिथे उभ्या राहत असणार. मी कधी पाहिले नव्हते.

ब्रदरांनी शेवटचे पान संपवले आणि घडी घातली.

“काही नाही आज,” ते म्हणाले.

सिस्टर आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला.