भरलेली बोडी

सासुरवाडीला आपणही कामाचे आहोत हे दाखवावं, म्हणून गणेशचतुर्थीच्या सकाळी मी मूठभर दूर्वा मुळांसकट उपटून आणल्या. त्या नेमक्या दौलतकाकाजींच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवरच्या निघाल्या. काकाजी ओल्या धोतराने पाठोपाठ आले.

“काऊन जी जवाईबापू, माह्या बोडीची कातडी कायले सोलून रायले?”

दूर्वा माझ्या हातून घेऊन त्यांनी परत पाळीवर नेऊन लावल्या. गणपतीने त्या वर्षी जास्वंदीवर भागवलं.

काकाजी म्हणजे माझ्या बायकोचे, सुमीचे चुलते. ती पोरकी झाल्यावर त्यांनीच तिला वाढवलं. सडक अर्जुनीकडे त्यांचं कुरण होतं. तिथे स्वतः माती टाकून त्यांनी पाळ घातली आणि पावसाचं पाणी अडवलं. ही त्यांची बोडी. एवढीशी, की म्हशी बसल्या की पाणी दिसेनासं व्हायचं. पण काकाजी तिच्याविषयी बोलत ते लेकीविषयी बोलावं तसं. खेकड्याने पाळीत बीळ केलं की त्याला शिव्या घालत, आणि मग त्याला धरून दुसऱ्याच्या बोडीत सोडून येत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, बडे मालगुजार हळहळले. काकाजी म्हणाले, “माही त लहान हाय जी. सरकारले दिसलीच नाही.”

त्या साली पाऊस श्रावणातच थांबला होता. खालच्या बांध्यांमधलं त्यांचं धान पिवळं पडत चाललं होतं. पाळ कापून पाणी सोडलं की झालं.

“काकाजी, बोडी कवा फोडता?” शेजारी रोज विचारत.

“पाहू.”

म्हातारा पाण्याचा कंजूष आहे, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकला.

निघताना ते पाळीपर्यंत पोचवायला आले. “सुमी कवा येते?”

याही खेपेला मी एकटाच आलो होतो; पोरांची शाळा आणि माझी कचेरी यांत तिचं माहेर राहूनच गेलं होतं. “येईल की दिवाळीला,” मी ठोकून दिलं.

“बरं,” पाण्याकडे पाहत ते म्हणाले. “भरली हाय तं बरी दिसते. याच पान्यात पवाले शिकली ते.”

नागपूरला आल्यावर हे सगळं मी रंगवून सांगितलं. कातडीपाशी सुमी पोट धरून हसली. दिवाळीपाशी ती उठली. मग खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात लुगडी भरू लागली.

“अहो, मी जाईपर्यंत काकाजी बोडी फोडायचे नाहीत,” ती म्हणाली. “धान वाळू देतील. उद्याची पहिली गाडी किती वाजता आहे?”