ध्वजवाहकाची गहाळ वेणी

“लिही,” हेक्टर पिटकेर्न म्हणाला. “हेक्टर पिटकेर्न. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा अग्रगण्य गुप्तहेर. नजर घारीची, बुद्धी धारदार, पाऊल मांजराचं. आणि स्वभाव... स्वभावाला काय लिहावं रे, मर्डो?”

“कशानं लिहू? हातात वस्तरा आहे,” मर्डो म्हणाला. “मान हलवू नका.”

“स्वभाव विनम्र,” हेक्टर गालाच्या फेसातून म्हणाला. “ठळक अक्षरात.”

मर्डो बेन हा किलब्रेकन गावचा एकुलता एक न्हावी. हेक्टरनं चाळीस वर्षं या गावात टपाल वाटलं, त्यातलं निम्मं चुकीच्या घरात. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाची गुपितं आपल्याला ठाऊक आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती. निवृत्त झाल्यावर मर्डोच्या दुकानातली दुसरी खुर्ची त्यानं कार्यालय म्हणून बळकावली आणि मर्डोला सहायक नेमून टाकलं. मर्डोला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही गिऱ्हाइकाकडून.

तेवढ्यात दार उघडलं आणि टॉर्क्विल मॅकइनिस आत घुसला. अंगावर चौकड्यांचा किल्ट, म्हणजे तिथला पुरुषी घागरा, खांद्यावर चौकड्यांचीच शाल, कमरेला चांदीचं बक्कल, सगळा थाट जिथल्या तिथे. फक्त डोक्यावर चहाच्या किटलीवर घालतात ते लोकरी झाकण होतं. त्यानं दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि झाकण काढलं.

डोकं लख्ख गुळगुळीत होतं. मर्डोच्या हातून वस्तरा पडता पडता राहिला.

“बारा वर्षं तू दुकानात फिरकला नाहीस,” मर्डो म्हणाला. “मला वाटलं, केस वाढवतोयस.”

“वाढवायला आधी असावे लागतात,” टॉर्क्विल म्हणाला आणि मटकन बाकावर बसला.

त्या दिवशी गावचे खेळ होते. ओंडके फेकणं, दोरी ओढणं, बॅगपाइप, सगळं काही. पण मान मोठा तो मिरवणुकीचा. तीनशे वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या लोकांनी किलब्रेकनच्या गाई पळवल्या, तेव्हा इथल्या सरदारानं शपथ घेतली की गाई परत येईपर्यंत केसांना कात्री लावणार नाही. गाई काही आल्या नाहीत. तेव्हापासून ध्वज धरणारा माणूस केस कापत नाही. जुन्या पद्धतीनं मागे एकच वेणी सोडतो आणि गावातली सगळ्यात वयस्कर बाई तिला स्वतःच्या हातानं काळी फीत बांधते. टॉर्क्विलच्या आजोबांनी ध्वज धरला, वडिलांनी धरला. वडिलांची वेणी कमरेखाली येत असे. टॉर्क्विलच्या केसांनी मात्र तिशीतच घर सोडलं.

“म्हणून मी चामड्याच्या पट्टीवर वेणी शिवून घेतली. वर टोपी घातली की कोणाला पत्ता लागत नाही,” तो म्हणाला. “काल रात्री धुतली, शर्टाच्या आत लपवून दोरीवर वाळत घातली. सकाळी बघतो तर गायब. बारा वाजता मी गेलो नाही, तर माझ्यामागे चालणारा फिनले गन ध्वज उचलेल. आणि मी असा गेलो, तर माझ्या बापाचं नाव मातीत जाईल.”

“कुणाचे केस होते?” मर्डोनं विचारलं.

“घोड्याचे. कुठल्या घोड्याचे ते विचारू नका.”

“असंबद्ध,” हेक्टर म्हणाला.

“आणखी काही गेलंय का दोरीवरून?” मर्डोनं विचारलं.

“तो शर्ट. आणि तीन मोजे.”

“किरकोळ,” हेक्टरनं हात झटकला. “कसलेला चोर दिशाभूल करायला मोजे उचलतोच. मर्डो, टोपी दे माझी. आणि टॉर्क्विल, निश्चिंत राहा. तुझ्या गुपिताच्या केसालाही धक्का लागणार नाही.”

“सकाळी सहाला पाऊस येऊन गेला,” मर्डो सहज म्हणाला.

“इथे कधी येत नाही?” हेक्टर म्हणाला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडला; मागोमाग ते दोघे.

पहिला संशयित फिनले गन. तो मैदानाच्या कडेला आरसा मांडीवर घेऊन बसला होता आणि कानशिलावरच्या दोन बारीक वेण्या गुंफत होता. मागे मोकळे सोडलेले तांबूस केस पाठभर पसरले होते. टॉर्क्विलला खचवायला ते एकदा बघणंच पुरेसं होतं. तो किटलीचं झाकण कानापर्यंत ओढून मर्डोच्या मागे दडला.

“पहाटे कुठे होतास?” हेक्टरनं विचारलं.

“अंथरुणात. का, काय झालं?”

“एक वस्तू हरवली आहे.”

“कसली?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“मग मी शोधू काय?”

“लांब आहे, तपकिरी आहे आणि मागे लोंबते.”

फिनलेनं थोडा विचार केला. “पाद्रीबाबांचं कुत्रं का?”

 हेक्टरनं झडप घालून फिनलेची डाव्या कानशिलावरची वेणी धरली आणि ओढली. वेणीबरोबर फिनलेही आला.

“अहो, सोडा. माझेच केस आहेत.”

“चोर हेच म्हणतो,” हेक्टर म्हणाला, पण दुसऱ्या हिसक्याला फिनले उभा राहिला. तो उभा राहिल्यावर हेक्टरला त्याच्या निरपराधपणाचे बरेच पुरावे एकदम दिसू लागले.

दुसरे संशयित पाद्रीबाबा. त्यांना सामन मासे पकडण्यासाठी केसांचे नकली किडे बांधायचा नाद होता. अख्खी वेणी म्हणजे पाच वर्षांचे किडे, असा हेक्टरचा हिशेब. त्यानं त्यांच्या पेटीतला एक तपकिरी किडा पुरावा म्हणून उचलला. किड्याच्या पोटात गळ असतो हे त्याला अंगठ्यानंच कळलं. पाद्रीबाबांनी गळ काढून दिला, पट्टी बांधली आणि कुत्रं घरातच असल्याचं सांगितलं.

“आता सगळं स्वच्छ दिसतंय,” बांधलेला अंगठा नाचवत हेक्टर म्हणाला. “खाडीपलीकडचे. तीनशे वर्षांपूर्वी गाई नेल्या, आज वेणी. मी धक्क्यावर जाऊन होडीवर नजर ठेवतो.”

तो गेला. साडेअकरा वाजत आले होते.

“चल,” मर्डोनं टॉर्क्विलचा दंड धरला. “एफी आजीकडे जायचंच आहे तुला. फीत बांधायला ती वाट बघत असेल. खरं काय ते तिला सांगून टाक.”

“तिलाच नाही सांगता येणार,” टॉर्क्विल म्हणाला. चढावर तो थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. “तिची घोडी आठवते? फ्लोरा? ती मेली तेव्हा खड्डा खणायला मी गेलो होतो. आजीला बघवेना, ती घरात गेली. आणि मी... शेपूट कापून घेतली रे. आजीनं लेकरासारखी वाढवलेली घोडी. बारा वर्षं तिच्याच हातात ती वेणी देतोय आणि दरवर्षी मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

मर्डोनं त्याचा दंड पुन्हा धरला आणि त्याला चढावर पुढे नेलं.

एफी आजी त्र्याण्णव वर्षांची, टॉर्क्विलची सख्खी शेजारीण. दार उघडंच होतं. चुलीवर एक दोरी ताणली होती आणि तिच्यावर ओळीनं एक शर्ट आणि तीन मोजे वाळत होते. आजी चुलीपुढे बसून मांडीवरची वेणी विंचरत होती.

“आलास?” ती म्हणाली. “पावसात कपडे विसरतोस, कारट्या. सगळं काढून आणलं मी. आणि चौथा मोजा कुठंय?”

टॉर्क्विल उंबऱ्यातच थबकला.

“केस पण कसे धुतोस? साबणानं नुसते राठ होतात. तेल नको लावायला? हिला कधी अशी ठेवली होती का मी?”

“आजी,” टॉर्क्विल म्हणाला. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षी बोट लावलं तेव्हाच. डावीकडे ही पांढरी बट बघ. कुंपणात शेपूट अडकली होती, तेव्हापासूनची. वीस वर्षं विंचरली, मला कळणार नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू आणून दिली असतीस आणि माझी माफी मागितली असतीस. मग मी काय करायचं? पेटीत ठेवायची?” आजीनं वेणीचा शेवटचा पेड घातला. “वर्षातून एकदा मला फ्लोराची वेणी घालायला मिळते. ते मी कशाला घालवू?”

टॉर्क्विल गुडघ्यावर बसला. “ध्वज मी फिनलेला देतो, आजी. त्याचे केस स्वतःचे आहेत.”

“फिनलेलाही माहीत आहे. वारा सुटला की तो तुझ्या मागे आडवा का चालतो, वाटलं तुला? वेड्या, सगळ्या गावाला माहीत आहे.”

“मला नव्हतं,” मर्डो म्हणाला.

“तुला कोण सांगणार? तुझ्या दुकानात तो हेक्टर बसतो.” आजीनं टॉर्क्विलच्या डोक्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. “अन् फ्लोरा याच गावची. ती खाडीपलीकडे गेली नाही, कोणी तिला नेलीही नाही. ध्वजामागे चालायचा तिचा हक्क आहे. मान खाली कर.”

तिनं पट्टी बसवली, वर टोपी चढवली, आणि काळ्या फितीची गाठ मारली.

बाराला बॅगपाइप वाजले. हेक्टर धक्क्यावरून पळत आला, टॉर्क्विलच्या पाठीवर वेणी पाहिली आणि खिशातली वही काढली. “अपेक्षेप्रमाणे,” तो मर्डोला म्हणाला. “मी होडी अडवणार हे कळताच घाबरून परत ठेवली. लिही.”

मर्डोनं लिहिलं, “तीन मोजे सापडले. चौथ्याचा तपास चालू.”

मिरवणूक निघायची वेळ झाली, पण टॉर्क्विल ध्वज धरून जागच्या जागी उभा होता. सगळं गाव आपल्याकडे बघतंय आणि सगळ्या गावाला माहीत आहे, या विचारानं त्याचा पाय उचलेना. मागे फिनले वाऱ्याला पाठ देऊन आडवा उभा राहिला होता. पाइपवाले तोच सूर तिसऱ्यांदा वाजवत होते.

मैदानाच्या कडेला बसलेली एफी आजी खुर्चीतून जरा पुढे वाकली. फ्लोरा चढावर अडून बसली की तिला हाकायला करायची तसंच तिनं जिभेनं हलकेच टक् टक् केलं.

टॉर्क्विल चालू लागला.