हिमालयाआधी कारंजा

नरहरने हिमालयात जायचं ठरवलं ते खुर्चीत बसल्या बसल्या. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत तो आवक-जावकचा कारकून. दिवसभर कागदांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी नालवाडीला घरी यायचं, एवढाच त्याचा प्रवास. पण आदल्या साली एव्हरेस्ट सर झालं, पेपरात फोटो आले, आणि हा गडी बिघडला. त्यातच नेपाळात सडकेच्या कामावर ओव्हरसियर असलेल्या मावसभावाचं पत्र आलं, 'मार्चात ये. दहा-बारा दिवस पायी फिरू. बर्फाची शिखरं अशी दिसतात की हात लावावा.' आजवर नरहर उंचावर म्हणून गेला होता तो हनुमान टेकडीवर, आणि तीही अर्धीच. पण डोहाळ्यांना का कुठे कारण लागतं?

साहेबांनी एकवीस दिवसांची रजा मंजूर केली. सेकंडहँड पाठपिशवी आली, जाड तळाचे बूट आले. राहिला होता एकच शिक्का, इंदिराचा. तिच्या मर्जीविरुद्ध जायची त्याची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. बायकोचं तोंड उतरलेलं असताना ह्या माणसाला भाकर गोड लागत नसे, मग हिमालय काय लागणार?

इंदिरा आठ दिवस हो म्हणेना की नाही म्हणेना. नवव्या दिवशी ताट वाढता वाढता म्हणाली, "जा. पण आधी पायी चालून दाखवा."

"कुठवर?"

"कारंज्यापर्यंत. माह्या बापाच्या दारापर्यंत. पाठीवर दहा शेराचं ओझं घेऊन, तीन दिवसांत. ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर द्याचं नाई आन् मोटारीत बसाचं नाई. मी मोटारीनं पुढं जातो आन् दारात उभी राहातो. पोचले तर जा तुमच्या हिमालयात."

वर्धा ते कारंजा घाडगे म्हणजे चाळीस-बेचाळीस मैल. नरहर खुश झाला. बायकोला आपल्या गुडघ्यांची काळजी आहे, असं समजून तिला दोनदा धीरही देऊन झाला. गरम कपडे अजून आले नव्हते, म्हणून वजनासाठी त्याने पिशवीत दोन विटा आणि घरचा वरवंटा घातला, आणि किरकोळ रजा टाकून माघातल्या एका गार सकाळी धोतर, खादीची टोपी, हातात काठी अशा थाटात निघाला.

आता इथे एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. ते साल होतं चोपन्न आणि जिल्हा वर्धा. भूदानासाठी माणसं पायी गावोगाव हिंडत होती आणि भूमिहीनांसाठी जमीन मागत होती. ज्या सडकेवरून मोटार जाते त्या सडकेवरून खादीची टोपी घातलेला, पाठीवर पिशवी घेतलेला शहाणासुरता माणूस पायी का चालेल, याचं लोकांना त्या दिवसांत एकच उत्तर माहीत होतं.

दुपारी तो एका गावाच्या पारावर टेकला. बूट काढतो न काढतो तोच रामाजी नावाचा म्हातारा शेतकरी पाण्याचा गडवा घेऊन आला.

"पायीच निंगाले काय जी?"

"हो. तीन दिवस पायीच."

"कोनाच्या सांगण्यावरून?"

"बायकोच्या," नरहर खरं तेच बोलला.

रामाजी हसला. मोठी माणसं स्वतःचं मोठेपण अशीच झाकतात, हे त्याला ठाऊक होतं. तासाभरात पाराभोवती गाव जमा झालं. बायांनी ओवाळलं, कोणी पाय धुतले, झुणका-भाकर आली. जेवण झाल्यावर रामाजी हात जोडून उभा राहिला. "महाराज, माह्याकडून एक एकर लिवून घ्या."

नरहरनेही घाईघाईने हात जोडले. "अवो, मी जमीन घेत नसतो. मी तसा माणूस नाई."

रामाजीचा चेहरा पडला. "एक एकर कमी होते म्हना ना. दीड लिवा."

"अवो, नाई म्हणून राह्यलो ना मी."

"बरं, दोन. यापुढं मले लेकरं आहेत, महाराज."

आणखी एक 'नाही' म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने घर लिहून दिलं असतं. मागून तानाबाई नावाची एकटी राहणारी बाई पुढे आली. तिच्याकडे सगळं मिळून दोन एकर होतं. "अर्धा एकर माहा लिवा," ती म्हणाली. "मले एकटीले कितीक लागते? कोनाच्या तरी लेकराच्या पोटात जाईन." तिच्याकडे बघून नरहरला भरून आलं. ह्या बाईला नाही कसं म्हणावं आणि हो तरी कोणत्या तोंडाने म्हणावं, हे त्याला समजेना. त्याने आपल्या टिपणवहीत सुवाच्य अक्षरात आधी रामाजीचं आणि मग तिचं नाव लिहिलं. खाली तारीख टाकली. कारकुनाचा हात, तो दुसरं काय करणार?

निघताना खरी पंचाईत झाली. पाहुण्याला पुढल्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं, ही रीत. आणि पाहुण्याच्या पाठीवर ओझं ठेवून मागे नुसतं हात हलवत चालायचं, तर गावाची इज्जत काय राहिली? गुलाब नावाच्या दणकट गड्याने पिशवी हिसकावलीच.

"देऊन दे बापा. ते मलेच न्या लागते," नरहर काकुळतीला आला.

"लय जड आहे जी. का आहे हिच्यात?"

"वरवंटा."

गुलाबने पिशवीत हात घालून खात्री केली आणि मागच्या लोकांना सांगितलं, "पाहा रे. सोताची चटनी सोता वाटते हा मानूस. कोन्या घरच्या बाईले तरास नाई." ते ऐकून चार बायांनी नरहरला पुन्हा नमस्कार केला. इंदिराची अट मोडू नये म्हणून नरहरने पिशवीचा एक पट्टा धरला, तो तसाच धरून गुलाबच्या मागे चालत राहिला.

पुढच्या गावाला आगाऊ वर्दी गेली होती. तिथे टाळ-मृदंग होते. नरहरने उभं राहून स्पष्ट सांगितलं, "मंडळी, मी भूदानवाला नाई. मी पहाडावर जाचा सराव करून राह्यलो." मंडळी गंभीर झाली. पहाडावर जायचं म्हणजे महाराज संन्यास घेणार, जाण्याआधी एवढं काम उरकून घेत आहेत, असा अर्थ निघाला आणि तिथल्या तिथे सात एकर लिहून झाले. तिसऱ्या गावापासून त्याने बोलणंच सोडलं. तर मौनाचे आणखी चौदा एकर मिळाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नरहर कारंज्यात शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही टाचांना फोड होते, मागे साठ माणसं होती, पुढे डफडं वाजत होतं आणि टिपणवहीत साडेतेवीस एकर जमीन होती. लोकच त्याला नानाजींच्या वाटेने घेऊन चालले, कारण गावातला मोठा शेतकरी म्हणजे नानाजी. नानाजी म्हणजे इंदिराचे वडील. कोणी पदयात्री येतो आहे हे त्यांना सकाळीच समजलं होतं; तो जावईच आहे हे इंदिराने सांगितलं नव्हतं. द्यायचीच तर नाल्यापलीकडची मुरमाड एकर द्यायची, असं मनाशी ठरवून ते हार घेऊन दारात उभे होते. शेजारी आरतीचं ताट घेऊन इंदिरा.

हार वर गेला आणि वरच राहिला.

"जवाईबापू?" नानाजी म्हणाले.

डफडं थांबलं. नरहरला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणी साडेतेवीस एकर आधीच देऊन बसली होती. तो लोकांकडे वळला. "मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यलो. मी महाराज नाई. मी कचेरीतला कारकून. ह्या घरचा जवाई. बायकोसोबत पैज लावली म्हणून पायी आलो. तुमची नावं मी खोडून टाकतो. मले माफ करा."

रामाजी पुढे झाला. तीन दिवस तोही बरोबर चालत आला होता. "खोडता कायले? देताना मी शुद्धीत होतो. घेनारा चुकीचा निंगाला म्हनून देनारा थोडाच चुकीचा होते." गर्दीत भूदानाचं काम करणारे कारंज्याचे भैयाजी होते, त्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि कपाळाला हात लावला. "तीन महिने हिंडलो आम्ही. भाषणं करून करून घसा बसला. याच्या अर्धी नाई भेटली."

सगळे नानाजींकडे बघू लागले. जावई दारात, अख्खं गाव साक्षीला, अशा वेळी मुरमाड जमीन कशी काढावी? "विहिरीजवळची एक एकर लिवा," नानाजी म्हणाले आणि हार एकदाचा जावयाच्या गळ्यात पडला.

माणसं पांगल्यावर इंदिराने परातीत गरम पाणी आणलं आणि नरहरचे पाय त्यात ठेवले. तो ओशाळून म्हणाला, "पैज हरलो मी. पिशवी लोकांनी आणली. मी नुसता पट्टा धरला होता."

"पैज गेली चुलीत." ती खाली बघून फोडाभोवतीची धूळ धूत होती. "लग्नाले अकरा वर्षं झाली. दर दिवाळीले मले मोटारीत बसवून देता आन् म्हणता, सुट्टी नाई. माय गेली तवाबी दोन दिवसांची निंगाली नाई. इथं बाया विचारतात, तुहा नवरा आहे तरी का वं? आन् हिमालयासाठी एकवीस दिवसांची निंगाली."

अकरा वर्षं दिवाळीच्या गर्दीत ही बाई एकटी मोटारीतून उतरत होती, आणि नरहर घरी आरामात लाडू खात होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मग सरळ सांगाचं ना, की या म्हणून."

"सांगून आणलेल्या जवायाची का किंमत? मी चालाले सांगतलं. इथं याले थोडंच सांगतलं." मग तिला हसू आलं. "आले बाकी थाटात. लग्नात तरी कुठं एवढी माणसं आणली होती तुमी."

"मग हिमालयाचं?"

"जाऊ ना. मी कवा नाई म्हटलं? पण दोघं."

रजा वाढवून चार दिवस नरहर सासुरवाडीला राहिला. गल्लीतल्या एकूणएक बायांनी काही ना काही निमित्त काढून त्याला पाहून घेतलं. पाचव्या दिवशी इंदिराने पाठपिशवी आपल्या पाठीवर घेतली आणि परतीलाही पायीच निघायचं म्हणून जाहीर केलं. मिरवणूक टाळायला तिने आडवाट धरली. बांधाबांधावरून अनवाणी वाढलेली पोर ती, दुपारपर्यंत दोन शेतं पुढे होती.

"इंदिरा, जरा हळू," मागून हाक आली.

"नेपाळात कसं होईन तुमचं?" ती न थांबता म्हणाली.

एका विहिरीवर पाणी पिताना तिथल्या म्हातारीने इंदिराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मागून लंगडत येणाऱ्या नरहरकडे बोट करून विचारलं, "पायी निंगाली का वं बाई? आन् हे कोन, तुह्या मांगं?"

"हे होय? हे कारंज्याच्या नानाजीचे जवाई," इंदिरा म्हणाली. "अकरा वर्षांनी आलते सासुरवाडीले. म्हटलं, घरापर्यंत पोचवून द्यावं."

म्हातारीने मान डोलावली आणि नरहरपुढे पाण्याचा गडवा धरला. तीन दिवस महाराज म्हणवून घेताना त्याला एकदाही इतकं बरं वाटलं नव्हतं.