सौम्य आम्लाचा उपाय

डाग म्हटला की रसायनशास्त्राच्या सरांच्या अंगात यायचं. "तीस वर्षं आम्लंच शिकवतोय मी! तू हात लावू नकोस," असं बायकोला बजावून त्यांनी तिची संगमरवराची पाटी ताब्यात घेतली.

पाटी तळहाताएवढी. सासरे जन्मभर दगडावर लोकांची नावं कोरायचे. हात थरथरायला लागल्यावर तीन महिने खपून त्यांनी लेकीचं लाडकं नाव कोरलं आणि आठवड्याभरात गेले. त्या नावानं तिला दुसरं कुणी हाक मारत नसे. अक्षरं वाकडी, जेमतेम ओरखड्याएवढी. शेजारी गंजाचं वर्तुळ, कारण सरांनी तिथं आपला ओला पत्र्याचा डबा ठेवला होता. हा तपशील सर फारसा चघळत नसत.

बायको म्हणाली, राहू द्या, डागासकट चालेल मला. पण ऐकतील तर ते सर कसले! व्हिनेगर म्हणजे सौम्य आम्ल, आपण खातो की ते, असं म्हणत संध्याकाळी त्यांनी टबात दोन बाटल्या ओतून पाटी बुडवली. सकाळी ताजं व्हिनेगर घातलं आणि शिकवायला गेले.

वर्गात नेमका सेंद्रिय आम्लांचा धडा. सर रंगात आले. अल्कोहोलनं कार्बोनेट ढिम्म हलत नाही. कार्बोक्झिलिक आम्ल मात्र सौम्य असलं तरी कार्बोनिक आम्लाला भारी पडतं, म्हणून कार्बोनेट विरघळतं आणि बुडबुडे येतात. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे त्यांनी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलं.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, संगमरवर पण कार्बोनेटच ना?"

सर खडूसकट घराकडे पळत सुटले.

बायको टबापाशी बसली होती. अक्षरं गेली होती. थरथरत्या हाताला तीन महिने लागले, सौम्य आम्लाला एक दिवसही लागला नाही. दगडात खोल मुरलेलं गंजाचं वर्तुळ तेवढं जागच्या जागी होतं.

पुन्हा कोरून घेऊ, चांगल्यातला चांगला कारागीर आणतो, असं सर बोलतच राहिले.

ती खरखरीत दगडावर अंगठा फिरवत होती. "काय कोरायला सांगाल त्याला?"

सरांनी तोंड उघडलं. सासऱ्यांच्या तोंडून ते नाव त्यांनी कितीदा तरी ऐकलं असेल, पण कान दिला नव्हता. पाटी हातात घेतली तेव्हाही पाहिला तो डागच.

उत्तर न येणाऱ्या पोरांना सर तीस वर्षं बाकावर उभं करत आले होते. आज ते टबापाशी उभे राहिले, आणि खाली बसा असं त्यांना कुणी म्हणालं नाही.