आउकुसोचे पाय कुणाच्या हद्दीत

माझा दीर लाफाएले ऑकलंडहून आला, तो आधी घरात नाही, भावाच्या थडग्याशी नाही, थेट मागच्या परसात गेला. कुंपण कुठे घालायचं ते बघायला! सख्खा भाऊ गेला तेव्हा हा मातीला आला नाही. खारवलेल्या मांसाच्या डब्यांचं एक खोकं पाठवलं, झालं कर्तव्य. आणि आता पायात बूट घालून ढांगा टाकत जमीन मोजतोय.

मी दारातूनच ओरडले, "लाफाएले, भाऊ पुढच्या अंगणात आहे. मागे काय शोधतोस?"

"येतो ना, वहिनी," तो म्हणाला. आला नाही.

पुढच्या अंगणात माझा आउकुसो आहे. थडग्याला पांढरा चुना मीच लावते, दुपारी त्याच्यावर बसून कोकोच्या बिया सोलते आणि दिवसभराचं सगळं त्याला ऐकवते. जिवंत होता तेव्हाही उत्तर देत नव्हता, त्यामुळे फारसा फरक पडलेला नाही, असं मी लोकांना सांगते. त्याच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी ठेवली आहे. ती माझी. तिच्यावर मी कोंबडीला पाय ठेवू देत नाही.

दुसऱ्या दिवशी राजधानीतून, आपियाहून मोजणीदार आला. एतुआती त्याचं नाव, चांगला पोरगा, पण छापील कागदासारखा कोरडा. त्याने माझ्या सासऱ्यांच्या वाटणीपत्रातली चतुःसीमा वाचली: स्वयंपाकघरामागच्या नीरफणसापासून समुद्रकाठच्या काळ्या खडकापर्यंत सरळ रेघ, उगवतीकडचं आउकुसोचं, मावळतीकडचं लाफाएलेचं.

"नीरफणस कुठाय?" त्याने विचारलं.

इथेच घोळ झाला. जुनं झाड वादळात पडलं होतं. वाळका बुंधा तेवढा उभा होता आणि हद्द म्हणजे तोच, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण आउकुसो गेला त्या आठवड्यात पाऊस थांबेना. सगळी लाकडं भिजलेली, आणि मातीला आलेल्या माणसांसाठी डुकरं तर भाजायची. मग मीच सांगितलं, बुंधा मुळासकट उपटा आणि भट्टीत घाला. छान जळला. सगळ्यांनी बोटं चाटली.

"म्हणजे हद्द तुम्ही खाल्लीत," एतुआती म्हणाला.

"मी एकटीने नाही. पाद्रीबाबांनी दोनदा वाढून घेतलं."

तेवढ्यात लाफाएलेने बोट दाखवलं. जमिनीत राहिलेल्या मुळातून बरंच अलीकडे, माझ्या घराच्या बाजूला, एक फुटवा वर आला होता. गुडघ्याएवढा. "हा काय नीरफणस," तो हळूच म्हणाला.

"हे झाड आहे की भाजी?" मी म्हणाले. "झाड तिकडे होतं, त्या खड्ड्यात!"

एतुआतीने मान हलवली. "आई, कागदात नीरफणस आहे, खड्डा नाही. दोघंही खड्ड्यावर राजी असाल तर मी खड्डा लिहितो."

लाफाएले राजी नव्हता. मोजणीदाराने फुटव्यापासून खडकापर्यंत दोरी ताणली. ती पुढच्या अंगणात शिरली आणि माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांवरून गेली. डोकं, छाती आणि पोट माझ्याकडे, पाय दिराकडे. शेजारच्या माझ्या जागेचीही तीच गत. मला मरून नीट झोपायचं तर गुडघे पोटाशी घ्यावे लागणार होते.

"बघा, विचार करून ठरवा," म्हणत एतुआती निघून गेला.

मी विचार केला नाही. कोयता घेतला, फुटवा छाटला, आणि पुन्हा येऊ नये म्हणून जमिनीत दिसेल त्या मुळावर घाव घातले. दात नाहीत, पण हातात जोर आहे. लाफाएले मधल्या खड्ड्यापलीकडून सगळं बघत होता, एक शब्द बोलला नाही. त्याचं ते न बोलणं थेट आउकुसोसारखं. त्याचाच मला जास्त राग आला.

नीरफणसाचं मूळ दुखावलं की जास्त फुटतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. रागाच्या भरात ते कुठल्या कुठे गेलं. काही आठवड्यांनी एतुआती परत आला तेव्हा छाटलेला फुटवा पुन्हा पालवला होता आणि घाव बसला होता तिथे तिथे नवे कोंब उभे होते, एकापेक्षा एक घराच्या जवळ. त्याने सगळ्यात जवळच्या कोंबापासून दोरी धरून पाहिली. ती माझ्या चुलीवरून गेली. थडगं अख्खं पलीकडे. आउकुसो डोक्यासकट लाफाएलेचा, आणि मीसुद्धा.

मी थडग्यावर बसले. रडले नाही, डोळ्यांत चुना गेला होता.

"कुठलं झाड धरू?" एतुआतीने विचारलं.

लाफाएलेला आता नुसतं बोट दाखवायचं होतं, की माझ्या चुलीसकट सगळं त्याचं. त्याने बूट काढले. अनवाणी येऊन थडग्याच्या पायथ्याशी उकिडवा बसला.

"पहिला फुटवाच धर," तो म्हणाला. "मला पाय पुरेत."

"पाय पुरेत म्हणजे?" मी खेकसले. "माझा नवरा काय डुक्कर आहे, वाटे घालायला?"

"वहिनी, माझ्याकडे तेव्हा तिकडे राहायचे कागद नव्हते. मातीला आलो असतो तर परत शिरू दिलं नसतं, आणि बायकापोरं तिथे. तो गेला त्या दिवशी मी कारखान्यात सफरचंदं खोक्यात भरत होतो." त्याने चुन्यावर तळवा ठेवला. "लहानपणी आम्हा दोघांना एकच चटई. उलटसुलट झोपायचो. त्याचे पाय रात्रभर माझ्या तोंडाशी असायचे. मला त्याची एवढीच बाजू ठाऊक आहे."

एतुआती कागदात बघत राहिला. मीही कुठेतरी दुसरीकडेच बघत राहिले, कारण ते पाय मलाही ठाऊक होते. आजारपणात रोज चोळायचे मी.

मग मी उठले, मनगटाने नाक पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:

"लाफाएले, तू चोर आहेस, आणि तुला धड चोरीही करता येत नाही. सांगितलं असतंस तर पाय मी आपण होऊन दिले असते. घे. पण मी आले की माझेही पाय तुझ्याच जमिनीत पसरणार आहेत. भाडं मागायचं नाही, आणि मधे कुंपण घातलंस तर लाथ मारीन."