जिभेची मुदतवाढ

जेवायला बोलावल्यावर कंपनीचे साहेब जिन्यात एवढंच म्हणाले होते, "रात्री आम्ही दोघं हलकंच खातो हो. नुसतं सॅलड असलं तरी चालेल."

दुसरा कोणी असता तर त्यानं हा निरोप घरी बायकोला सांगितला असता आणि पेपर उघडून बसला असता. पण चवसाहेबांनी ते मनावर घेतलं. (घरातल्या मोठ्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की बाकीच्यांना ती अंगावर घ्यावी लागते.)

चवसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लहान मुलांच्या खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कंपनीत ते चव तपासायचं काम करत, म्हणून सगळे तसं म्हणत. नव्या औषधाचा एक चमचा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, बेसिनमध्ये थुंकायचं आणि म्हणायचं, "गोड आहे, जाऊ द्या." मग बाटल्या भरायला सुरुवात व्हायची. या एका वाक्यावर त्यांनी फ्लॅट घेतला, स्कूटर घेतली, मुलीला कॉलेजात घातलं. ती दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसली, तेव्हापासून ते तिला 'अर्धी पदवी' म्हणत. प्रेमानं म्हणत, असं ते स्वतः सांगायचे.

महिनाअखेरीस चवसाहेब निवृत्त होणार होते. साहेबांच्या मनात आलं तर दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. म्हणून हे जेवण.

"साहेबांना दाखवून देतो," ते बायकोला म्हणाले, "की ही जीभ अजून तलवार आहे! कडू पाल्याचं पौष्टिक सॅलड. कडूपणा नावापुरता. फक्त जाणकाराला कळेल एवढाच."

बायकोच्या हातातला डबा तसाच राहिला. "अहो, मी करते ना. तुम्ही बाहेरच्या खोलीतले पडदे बदला."

"अगं, तुझ्या हाताला चव आहे, मान्य. पण जिभेला ट्रेनिंग नाही."

यावर त्या माउलीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ती जे बोलली नाही ते असं होतं: चवसाहेबांची जीभ कधीच गेली होती. रोज जेवताना ते पहिल्या घासाला म्हणत, "मीठ कमी आहे." मग ती वाटी उचलून स्वयंपाकघरात जायची, खिडकीतून खाली दोन मिनिटं बघायची आणि तीच वाटी, काहीही न घालता, परत आणून ठेवायची. "हं! आता कसं!" असं म्हणून ते भुरका मारायचे. मुलीनं एकदा विचारलं होतं, "आई, तू सांगून का टाकत नाहीस?" त्यावर आई म्हणाली होती, "त्या जिभेवर घर चाललंय गं. तिला कशाला धक्का लावायचा?"

तर त्या दिवशी सकाळीच चवसाहेब बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले. मेथी, मुळ्याचा पाला, मोहरीची पानं आणि कॉफीत जिची पूड घालतात त्या चिकोरीची लांब पानं. सगळं धुतलं, निथळलं, हातानं तोडलं (सुरी लावली तर जीवनसत्त्वं पळतात म्हणे, जशी काही ती चाहूल घेऊनच बसलेली असतात). वर लिंबू, तेल, मीठ, अक्रोड. मग एक पान तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"छे! काहीच कडू नाही."

म्हणून त्यांनी मेथी दुप्पट केली. चव घेतली. नाही. चिकोरीची उरलेली जुडी घातली. नाही. पपनसाची साल सोलून आतला पांढरा पापुद्रा बारीक करून घातला. तरी नाही. शेवटी बायकोनं कचऱ्यासाठी बाजूला काढलेली काकडीची कडू टोकंसुद्धा वेचून घातली.

"गोडच!" ते हताश होऊन म्हणाले. "आजकालच्या पाल्यात दमच राहिला नाही. आमच्या वेळी एक पान खाल्लं की माणूस दिवसभर हसायचा नाही."

मुलगी दुकानातून जेवायला आली होती. तिनं एक पान चघळलं आणि धावत जाऊन बेसिन गाठलं.

"बाबा, हे विष आहे."

"कॉलेज सोडणाऱ्याला सगळंच कडू लागतं."

"अहो, येणार आहेत ते साहेब आहेत, शेळ्या नाहीत," बायको म्हणाली आणि हळूच मधाची बाटली पुढे सरकवली.

"मध? त्यांना काय खोकला झालाय?" चवसाहेबांनी बाटली उचलून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मुदतवाढ मिळाली नाही तर हा माणूस रोज दिवसभर याच स्वयंपाकघरात उभा असेल, हे दोघींना एकाच क्षणी उमगलं.

संध्याकाळी साहेब आणि मॅडम आले. चवसाहेबांनी सॅलडचा मोठा काचेचा वाडगा दोन्ही हातांनी आणला, जणू बाळच बाहेर आणलं. बाळाचं कौतुक व्हायच्या आत त्यांनी नम्रपणे जाहीर करून टाकलं, "साहेब, आधीच माफी मागतो. थोडं गोड झालंय."

साहेबांनी मोठा घास घेतला. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. उजवा डोळा आपोआप मिटला आणि डाव्यातून पाणी आलं. मॅडमनी एकच पान तोंडात घातलं होतं. त्या पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या, आणि रुमाल सापडल्यावर ते पान पुन्हा कधी कोणाला दिसलं नाही.

"वेगळं आहे," साहेब कसेबसे म्हणाले.

"ओळखलंत!" चवसाहेबांची छाती फुगली. "वहिनी, अजून घ्या, संकोच नको. घर आपलंच आहे."

"मला ना... डॉक्टरांनी पाला सांगितलेला नाही," मॅडम म्हणाल्या.

"साहेब, खरं सांगा. कडू लागतंय का? सांगाच!"

आता साहेब हा माणूस मोठा. मोठ्या माणसांना दुसऱ्याच्या घरी खरं बोलायची सवय नसते, आणि स्वतःच्या घरी कोणी विचारत नाही. ते पाणी प्यायले. "तुम्हाला नाही लागत?"

"एवढंसुद्धा नाही!" असं म्हणून चवसाहेबांनी मूठभर पाला तोंडात कोंबला आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे चावला. "कडूपणाचा एक कण असता तरी या जिभेनं कॉलर धरून बाहेर काढला असता."

साहेबांचा पेला हातातच राहिला.

गेलं वर्षभर कंपनीत तक्रारी येत होत्या. मुलं औषध थुंकतात. आईच्या अंगावर, डॉक्टरांच्या अंगावर, एकदा तर साहेबांच्या स्वतःच्या नातवानं साहेबांच्याच शर्टावर. त्यावर मीटिंग झाली होती. त्या मीटिंगमध्ये चवसाहेबांनीच भाषण ठोकलं होतं: औषध गोड आहे, पोरं लाडावलीत, आमच्या वेळी पोरं औषध पिऊन वर चमचा चाटायची. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलावणाऱ्यांपैकी एकानंही औषध चाखलं नव्हतं. चहा मात्र दोनदा झाला होता.

"म्हणजे माझा नातू..." साहेब हळूच म्हणाले.

"लाडावलाय," चवसाहेब म्हणाले. "राग मानू नका."

"नातू खरं सांगत होता," मुलगी म्हणाली.

"ए अर्धी पदवी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"मोठे कुठे काय बोलतायत? सगळे पाणी पितायत."

बायकोनं डोळे मिटले. झालं, गेली मुदतवाढ, असं तिला वाटलं. साहेब मात्र मुलीकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी वाडगा तिच्यापुढे सरकवला. "तुला कसं लागलं? नीट सांग."

"आधी मेथी. मग मुळ्याचा पाला. सगळ्यात वाईट ते पपनस, घशात जाऊन बसतं. आणि काकडीची टोकं कचऱ्यातली आहेत."

मॅडमनी पर्स मिटली आणि ती दोन्ही हातांनी लांब धरली.

त्यानंतर बायकोनं गुपचूप करून ठेवलेला गरम भात आणि बटाट्याची भाजी साहेबांनी दोनदा मागून घेतली. चवसाहेब सॅलड एकटेच खात होते आणि मधून मधून समजावत होते, "संकोची आहेत. मोठ्या लोकांचं असंच असतं."

निघताना साहेबांनी दारात चवसाहेबांचा हात हातात घेतला. "दोन वर्षं दिली. पण चव तपासायचं काम आता तुमच्याकडे नको. तुम्ही तक्रार विभागात बसा. आयांचे फोन घ्या. 'औषध अजिबात कडू नाही' हे इतक्या मनापासून सांगणारा माणूस मला जन्मात भेटलेला नाही."

चवसाहेबांचे डोळे भरून आले. बायकोचेही आले, पण तिची कारणं वेगळी होती.

"आणि चवीला?" त्यांनी विचारलं.

"तुमची मुलगी सोमवारपासून येईल. तिला यायचं असेल तर."

"पगार मोबाइलच्या दुकानापेक्षा जास्त पाहिजे," मुलगी आतून ओरडली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला एकच बातमी कळली: चवसाहेबांनी एका सॅलडच्या जोरावर स्वतःला बढती मिळवली आणि वाया गेलेल्या मुलीलाही नोकरीला लावलं. "जीभ!" ते लिफ्टवाल्याला म्हणाले. "सगळी करामत जिभेची!"

सोमवारी संध्याकाळी मुलगी कंपनीतून आली. पहिल्याच दिवशी तिनं औषधाची तीन पिंपं परत पाठवली होती. तिघं जेवायला बसली. चवसाहेबांनी पहिला घास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कमी आहे."

बायको सवयीनं वाटी घेऊन उठली.

"आई, बस," मुलगी म्हणाली. "कंपनीची जीभ आता मी आहे. मीठ बरोबर आहे."

"तुला नोकरी लागून एक दिवस झालाय!" चवसाहेब कडाडले. "माझी हयात गेली यात! अगं, तू जा. घाल मीठ."

बायको आत गेली, खिडकीतून खाली दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि तीच वाटी परत घेऊन आली. चवसाहेबांनी चमचा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. मग उघडले आणि मुलीकडे विजयानं बघत वाटी तिच्यापुढे सरकवली.

"आता घे. आणि शीक."